थेंब नेमका कुठून पडतोय

एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते. साडेअकराला सुटते आणि मी वळसंगच्या पुढून निघून नीलम नगरला घरी येते. अक्कलकोट रोडचा हा पट्टा उन्हाळ्यात भर दुपारी कसा असतो हे सोलापूरकरांना सांगायला नको. डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं आणि जवळ गेलं की काही नसतं. त्या मंगळवारी वळसंग मागं पडलं आणि माझं लक्ष टेंपरेचरच्या काट्याकडं गेलं. इतकी वर्षं हा काटा निम्म्याच्या किंचित खाली येऊन बसतो, तिथून हलत नाही. त्या दिवशी तो पाऊण भागावर होता.

एसी बंद केला. काटा उतरेना. मग आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी शिकवताना सांगितलेलं आठवलं. गाडी तापली तर हीटर पूर्ण गरमवर टाकायचा आणि पंखा मोठा करायचा. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागं बसवलेला छोटा रेडिएटरच, म्हणजे इंजिनाचं तापलेलं पाणी गार करणारी जाळीच असते, इंजिनाची थोडी उष्णता तिथून बाहेर पडते. 42 अंशांच्या उन्हात मी काचा खाली करून हीटर लावला आणि चटका बसेल म्हणून हात बाजूला घेतला. चटका बसलाच नाही. आली ती बाहेरच्यासारखीच साधी हवा. मला तेव्हा उलट बरं वाटलं. खरी खूण तीच होती, हे मला दुसऱ्या दिवशी आप्पांशी बोलताना कळलं.

कुंभारीच्या अलीकडं लिंबाखाली एक रसवंती आहे. तिथं गाडी लावली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. रसवंतीवाल्यांनी मायेनं ओलं फडकं आणलं आणि रेडिएटरच्या टोपीला हात घालायला लागले. मी अक्षरशः त्यांचा हात धरला. टोपी आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवते, त्या दाबामुळंच पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंच, इथं उघडं पाणी 100 च्या जरा आधीच उकळतं. तापलेल्या रेडिएटरची टोपी काढली की दाब एकदम जातो, आतलं पाणी त्याच क्षणी उसळतं आणि तोंडावर येतं. हे वाचणाऱ्यांपैकी एकानं जरी पुढच्या वेळी टोपी न उघडता पाऊण तास थांबायचं ठरवलं तरी ही पोस्ट लिहिल्याचं मला समाधान आहे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणंही तितकंच वाईट. इंजिनाचा खालचा मुख्य भाग, म्हणजे ब्लॉक, बिडाचा; त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. एकदम गार पडलं की हेड वाकतं, चिरतंही.

पाऊण तासानं शेजारची पांढरी बाटली बघितली. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळलेलं द्रव्य, खालच्या खुणेच्याही खाली. शाळेतून आणलेली दोन लिटरची पाण्याची बाटली होती. रेडिएटर हाताला सोसेल इतका निवल्यावर टोपी काढली, जवळजवळ सगळं पाणी आत गेलं. चाळीसच्या वेगानं घरी आले.

गाडी 2011 सालची, छोटी, पेट्रोलची, तीन सिलिंडरची. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, त्यात कंपनीचा काही दोष नाही. दुखणं शेवटी वॉटर पंपात, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपात, निघालं, आणि ती झिजणारीच वस्तू आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तीन ठिकाणी दाखवली. पहिल्यांनी बॉनेटखाली दोन मिनिटं बघून सांगितलं, "मॅडम, हेड गॅसकेट गेलंय. हेड उतरवावं लागतंय. चौदा हजार धरून चला." दुसऱ्यांनी थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला दिला, "सोलापुरात थर्मोस्टॅट लागतोय कशाला?" हे मी आधीही बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि ते मला पटत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याच्या वाटेतली झडप, पाणी तापलं की उघडते. थर्मोस्टॅट इंजिन लवकर तापवतो आणि मग ठरलेल्या तापमानाला धरून ठेवतो. तो काढला तर हिवाळ्यातल्या सकाळी इंजिन बराच वेळ गार राहतं, पेट्रोल जास्त जातं, आणि मूळ दुखणं आहे तिथंच राहतं. तिसऱ्यांनी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. ट्रकवाले रस्त्यात अडकल्यावर हा उपाय करतात, बारीक गळतीत हळद जाऊन बसते. पण ती फक्त गळतीतच बसेल असं तिला कोण सांगणार? रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्येही बसते.

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. आप्पांनी 31 वर्षं यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करण्यात, काढली. चादरीचे जॅकार्डचे माग, नंतर टॉवेलचे. कारखान्याच्या खडखडाटानं उजवा कान जवळजवळ गेलाय. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हीटरची हवा गरम आली का गं?"

मी म्हटलं, नाही, साधीच आली.

"मग पाणी तिथवर पोचतच नव्हतं. एक तर पाणीच कमी, नाही तर पाणी फिरवणारा पंप दमलाय. हेड कशाला खोलायचं लगेच? माग बंद पडला म्हणून कोणी आधी माग खोलत नाही, धागा कुठं तुटला ते बघत्यात."

गुरुवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, त्यांनी एकेक गोष्ट तपासली. मी शेजारी उभी राहून वहीत लिहून घेतलं, सवयच आहे. आधी ऑइलची कांडी काढून पुसून बघितली. हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग, फुटून पाणी ऑइलमध्ये गेलं असतं तर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं असतं. ते काळंच होतं, स्वच्छ. ऑइलच्या टोपीच्या आतही पांढरी साय नव्हती. मग रेडिएटरची टोपी उघडी ठेवून गाडी चालू केली. गॅसकेटमधून जळलेला वायू पाण्यात शिरत असेल तर बुडबुडे येत राहतात, थांबत नाहीत. चार-दोन आले आणि थांबले. सायलेन्सरमागं पांढरा धूर नाही. एवढ्यावर हेड गॅसकेट शंभर टक्के सुटलं असं म्हणता येत नाही, पण चौदा हजार खर्चून हेड उतरवण्याएवढा पुरावा तरी नव्हता.

नंतर टोपी लावून वरच्या होज पाइपला हात. आधी गार, मग सात-आठ मिनिटांनी एकदम गरम झाला. म्हणजे थर्मोस्टॅट उघडतोय. आणखी थोड्या वेळानं रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू झाला, नंतर बंद झाला. म्हणजे पंखा आणि त्याचा सेन्सरही ठीक. रेडिएटरच्या जाळीवर कुठं ओल नाही, होजच्या क्लिपांजवळ नाही, गाडीतल्या पायपुसण्याखालीही नाही. हीटर गळत असेल तर तिथं ओल येते.

मग पाणी जातंय कुठं?

आप्पांनी ओळखीच्या कारखान्यातून चादरीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा आणला. गाडी तापवून बंद केली आणि रात्री तो पुठ्ठा इंजिनाखाली सरकवून ठेवला, पुढच्या चाकाची रेघ त्यावर पेन्सिलनं आखून. शुक्रवारी पहाटे पाचला आम्ही दोघं बॅटरी घेऊन खाली गेलो. पुठ्ठ्यावर रुपयाएवढे तीन डाग, सगळे इंजिनाचा पट्टा फिरतो त्या बाजूला. रेडिएटरखाली एकही नाही. दिवसा डाग का दिसत नव्हते तेही कळलं. इंजिन गरम असताना गळलेला थेंब वाटेतच सुकतो किंवा फिरता पट्टा त्याला उडवून देतो. इंजिन निवताना धातू आकसतो, आत थोडा दाब उरलेला असतो, तेव्हाच थेंब खाली पोचतो.

बॅटरीच्या उजेडात, छोट्या आरशातून मी बघितलं. पंपाच्या पुलीच्या मागं, ब्लॉकवरून खाली एक फिकट गुलाबी-पांढरी रेघ गेली होती, मिठाच्या पाण्याची सुकल्यावर राहते तशी. तिचं वरचं टोक पंपाच्या अंगावरच्या एका बारीक भोकापाशी होतं.

हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्याच्या एका टोकाला पुली, दुसऱ्या टोकाला पाण्यात फिरणारी पाती, मधे बेअरिंग. पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून मधे सील असतं. कार्बनची एक गुळगुळीत कडी स्प्रिंगच्या जोरावर दुसऱ्या कठीण कडीवर घासत फिरते, आणि त्या दोघींच्या मधे कूलंटचा अतिशय पातळ थर वंगणासारखा राहतो. सील झिजलं की पाणी पुढं सरकतं. ते बेअरिंगमध्ये शिरून ग्रीस धुऊन टाकण्याआधी बाहेर पडावं, आणि मालकाला दिसावं, म्हणून ते भोक. पहिल्या गॅरेजमध्ये मी नंतर फोन करून हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आणा की, लांबी (पुटी) लावून भोक बुजवून देतो." भोक बुजवलं की थेंब दिसायचा बंद होतो आणि पाणी बेअरिंगमध्ये जातं. बेअरिंग जाम झालं की पट्टा तुटतो. मी गाडी तिकडं नेली नाही.

शेवटची तपासणी आप्पांची आवडती. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, गाडी चालू ठेवून त्याचं टोक पंपाच्या अंगावर टेकवलं, फिरत्या पट्ट्यापासून जपून, आणि मूठ डाव्या कानामागच्या हाडाला लावली. आधी अल्टरनेटर ऐकला, मग पंप. डोळे मिटून उभे होते. कारखान्यात रात्रपाळीला ते असेच उभे राहायचे असं आई सांगायची. "हितं रेतीत पाय घासल्यासारखं वाजतंय," म्हणाले, आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मलाही ऐकू आलं. अल्टरनेटरची एकसारखी घूं होती. पंपात तिच्याखाली एक खरखर होती, फेऱ्याबरोबर कमीजास्त होणारी. अशी जागा शब्दांत सांगून कळत नाही, दोन्ही आवाज एकापाठोपाठ ऐकावे लागतात.

शनिवारी गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या एका मिस्त्रींकडं नेली. शेजारच्या सरांची गाडी तेच करतात. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, पण मान्य लगेच केलं नाही. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवला, टोपीवर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरला आणि थांबले. दोन मिनिटांत दाबाच्या घड्याळातला काटा उतरायला लागला आणि त्या भोकातून थेंब आला. "बरोबर आहे मामा तुमचं," ते आप्पांना म्हणाले. स्वतः तपासल्याशिवाय हो म्हणाले नाहीत, हे मला फार आवडलं.

सुटे भाग मी आणले. चॅसी नंबर लिहून नेला होता, त्याच मॉडेलमध्येही पंप वेगवेगळे येतात. दुकानात त्याला "वॉटर बॉडी" म्हणाले. पंप पॅकिंगसकट 1,450 रुपये. आमच्या इंजिनात पंपाची पुली बाहेरच्या पट्ट्यावर फिरते, पण पंप काढायचा तर टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपा वेळेवर उघडायला लावणारा आतला पट्टा, उतरवावा लागतो. तो शेवटचा कधी बदलला याची नोंद आमच्याकडं नव्हती. एवढं सगळं खोलून जुनाच बेल्ट परत चढवायचा म्हणजे दोन वर्षांनी तीच मजुरी पुन्हा द्यायची. म्हणून टायमिंग बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर घेतला, बाहेरचा पट्टाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. सगळं मिळून, मजुरीसकट, साडेपाच हजारांच्या आत बसलं.

रविवारी सकाळी काम सुरू झालं, इंजिन पूर्ण गार असताना. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. खालचा होज सोडून कूलंट बादलीत घेतलं. कूलंट म्हणावं असं त्यात फार काही नव्हतं, विटकरी पाणी होतं. मिस्त्रींचा पोरगा ते गटारात ओतायला निघाला, त्याला मी थांबवलं. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून बाजूला ठेवलं.

मग बाहेरचा पट्टा, पंपाची पुली, क्रँकची पुली, टायमिंगचं कव्हर. बेल्ट काढण्याआधी मिस्त्रींनी इंजिन पान्यानं हळूहळू फिरवून कॅमच्या आणि क्रँकच्या खुणा जुळवून घेतल्या, आणि मला मोबाइलवर फोटो काढायला लावले. या खुणा एका दातानं जरी चुकल्या तरी झडपा चुकीच्या वेळी उघडतात. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे निघाले. आप्पांनी त्याच पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवला. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर बुडाला टेकतो, पॅकिंग आवळलंच जात नाही, आणि जोर लावला तर आटे जातात.

पंप हातात आला तेव्हा आम्ही सगळे जरा वेळ गप्प होतो. पुली धरून हलवली की दांडा खुळखुळत होता. पात्यांच्या कडा गंजून खाल्लेल्या, एक पातं निम्मं उरलेलं. आणि आतल्या बाजूला सगळीकडं पांढरा, खडबडीत थर. माझ्या घरच्या किटलीच्या बुडाला असतो अगदी तसा.

तो थर मी ओळखला. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं बिल्डिंगमध्ये वापराला बोअरचं पाणी. त्याच बोअरचं पाणी मी गेली तीन वर्षं, बाटली खाली दिसली की, रेडिएटरच्या बाटलीत भरत आलेय. आपलं बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातला चुना सुटतो आणि सगळ्यात गरम भागावर जाऊन बसतो. त्याचे कण सीलच्या त्या दोन गुळगुळीत कड्यांमध्ये शिरतात आणि त्यांना ओरखडतात. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, दर वेळी पाणी घालून मी ती पातळ करत गेले. पेट्रोलमधल्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा या पाण्यातून बाहेर जातो. ज्या पाण्यावर एवढं अवलंबून, ते मी बादलीतून घेऊन ओतत होते. याचं मला खरोखर वाईट वाटलं. कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे.

पुढचा एक तास फक्त साफसफाई. जुनं पॅकिंग ब्लॉकला चिकटून बसलं होतं. मिस्त्रींनी ते बोथट पात्यानं, धातूला चरा न पडू देता, तसूतसूनं काढलं आणि मागाच्या कारखान्यातल्या सुताच्या वेस्टनं पुसून आरशासारखं केलं. नवीन पॅकिंग इथंच फसतं, घाई केली की. रेडिएटर आणि ब्लॉकमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन काढलं, शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं. नवीन पंप बसवला, बोल्ट आधी सगळे हातानं, मग समोरासमोरचे थोडे थोडे, शेवटी टॉर्कच्या पान्यानं. हे बोल्ट बारीक असतात. मनगटाचा जोर दाखवायची ती जागा नाही. नवीन बेल्ट, टेन्शनर. मग इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघितलं. जुळल्या.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं मिसळून हळूहळू भरलं. हवा काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. हीटर गरमवर, टोपी उघडी, इंजिन चालू, मधेमधे होज दाबायचा, बुडबुडा आला की पातळी उतरते, पुन्हा भरायचं. आत हवेचा फुगा राहिला तर नवीन पंपही त्याच्यापुढं हतबल. पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला तेव्हा मिस्त्रींनी टोपी लावली. मी हीटरच्या जाळीसमोर हात धरला आणि झटकन मागं घेतला, चांगलाच भाजला. आप्पा बाहेरून विचारत होते, "आली का गरम?"

या गोष्टीला तीन आठवडे झाले. मधे पारा 43 ला गेला. काटा निम्म्याच्या खाली, जागचा हललेला नाही. डिकीत आता डिस्टिल्ड वॉटरचा कॅन असतो. जुना पंप मी शाळेत नेला. सातवीच्या मुलांनी तो फिरवून बघितला, खुळखुळ ऐकली, आणि एकीनं विचारलं की आमच्या मोटारीच्या पंपालाही असं भोक असतं का. विहिरीवरच्या मोटारीचं म्हणत होती. सोमवारी तिच्या वडिलांना विचारून येणार आहे.

आप्पा अजून रोज रात्री पुठ्ठा सरकवतात. काल सकाळी त्यावर एक डाग होता. मी धसकले. त्यांनी बोट लावून चोळून बघितलं, वास घेतला. ऑइल आहे, म्हणाले, आणि पेन्सिलनं डागाभोवती गोल काढून तारीख घातली.